समलिंगी लग्नं कायदेशीर झाली तर चर्चनं आणि पाळकांनी काय करायचं? (कोल्हापूर-मिरज-बेळगावकडच्यांनी जरूर लिहा)

शाहूपुरीकर · शनिवार, रात्री ९:४०

सलाम मंडळी,

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी जोडप्यांची लग्नं कायद्यानं लागायला लागली. नेपाळात २०२३ च्या नोव्हेंबरात पहिली नोंदणी झाली, तैवानला तर २०१९ मध्येच कायदा झाला. म्हणजे "हे सगळं तिकडं युरोप-अमेरिकेत" असं म्हणायची सोय आता राहिली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला नकार दिला, फेरविचाराच्या याचिकाही २०२५ च्या जानेवारीत फेटाळल्या. पण संसदेनं उद्या मनावर घेतलं तर तिला कुणी अडवलेलं नाही.

आमच्या तरुण संघात विषय निघाला. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या देशात कायदाच नाही, तेव्हा विषय संपला." मला पटलं नाही. बाहेरच्या मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायांमध्ये) जिथं जिथं कायदा आधी आणि चर्चा नंतर झाली, तिथं पाच-दहा वर्षं नुसती भांडणंच चालली.

आणि कोल्हापूरच्या ख्रिस्ती माणसाला हा विषय झटकता येणार नाही, त्याचं एक खास कारण आहे. रेव्हरंड रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले, १८७० मध्ये इथलं मिशन अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं गेलं. शाळा, दवाखाने, चर्च, सगळं त्यातून उभं राहिलं. त्याच प्रेस्बिटेरियन घराण्याची आजची मुख्य शाखा, पीसीयूएसए (प्रेस्बिटेरियन चर्च यू.एस.ए.), तिनं २०१५ च्या मार्चमध्ये आपल्या नियमावलीतली लग्नाची व्याख्या बदलली. आता तिथं लिहिलंय की लग्न हे दोन व्यक्तींमधलं, परंपरेनं पुरुष आणि स्त्री यांच्यातलं. १७१ प्रेस्बिटरींपैकी (म्हणजे चर्चच्या प्रादेशिक मंडळांपैकी) निम्म्याहून जास्त प्रेस्बिटरींनी मत दिलं तेव्हा हे झालं, कुणी वरून लादलं नाही. आमच्याकडं मिशनरींच्या आठवणींचे कार्यक्रम दणक्यात होतात, पण ही बातमी मी एकाही भाषणात ऐकली नाही.

तर प्रश्न असे: कायदा झालाच तर पाळकावर सक्ती होईल का? आणि सक्ती नसेल तर पाळकानं, मंडळीनं काय करावं?

विनंती एकच. "हे पाश्चात्त्य फॅड आहे" आणि "चर्च म्हणजे मध्ययुगीन" ही दोन्ही वाक्यं आम्ही वाचली आहेत असं धरून पुढं लिहा.

पेठेतला_पैलवान · रात्री ९:५८

भावा मी ख्रिश्चन न्हाई, पण विषय भारी काढलास. एक सांग, उद्या दोन पोरं चर्चच्या दारात हार घेऊन उभी राहिली तर फादर न्हाई म्हणू शकतो का? व्हॉट्सॲपवर आलतं की अमेरिकेत एका पाद्रीणबाईला ह्याच्यावरनं जेलात टाकलं.

काळा_कोट · रात्री १०:२५

पैलवान, त्या पाद्रीणबाई नव्हत्या. केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीच्या किम डेव्हिस, निवडून आलेल्या सरकारी क्लार्क. लग्नाचे परवाने देणं हेच त्यांचं काम. २६ जून २०१५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ओबर्गफेल खटल्यात समलिंगी लग्नाच्या बाजूनं ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. त्यावर बाईंनी परवाने देणंच बंद केलं, कोर्टानं सांगूनही ऐकलं नाही, म्हणून पाच दिवस कोठडीत गेल्या. सरकारी पगार घेऊन सरकारी काम नाकारल्याची ती गोष्ट आहे. पाळकाशी तिचा संबंध नाही.

शाहूपुरीकर, सक्तीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. देशागणिक वेगळं आहे, आणि वेगळं का आहे ते बघण्यासारखं आहे.

इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंड हे राज्याचं अधिकृत चर्च. तिथं त्या भागातल्या रहिवाशाला आपल्या पॅरिश चर्चमध्ये लग्न करायचा कायदेशीर हक्क आहे आणि पाळकाला सहसा नाही म्हणता येत नाही. त्यामुळं २०१३ चा कायदा करताना सरकारनं उलटंच केलं. चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकाला समलिंगी लग्न लावायची मुभाच ठेवली नाही. क्वेकरांसारख्या ज्या पंथांना हवं होतं त्यांनी स्वतःहून नोंदणी करून परवानगी घ्यायची.

डेन्मार्कमध्ये २०१२ ला नेमका दुसरा मार्ग घेतला. तिथलं चर्चही राज्याचं. कायद्यानं सांगितलं की चर्चमध्ये ही लग्नं होतील. एखाद्या पाळकाच्या मनाला पटत नसेल तर त्यानं लावू नये, पण मग बिशपनं दुसरा पाळक शोधून द्यायचा. जोडप्याला दारातून परत पाठवायचं नाही.

आपल्याकडं १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा. आपले पाळक एका हातानं आशीर्वाद देतात आणि दुसऱ्या हातानं सरकारच्या कायद्यातलं रजिस्टर भरतात. अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ही थट्टा नाही. कलम ६० मध्ये पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८, असं स्वच्छ लिहिलंय, म्हणजे तो कायदा वर आणि वधू धरूनच चालतो. पण २०२३ ला न्यायालयानं तपासला तो १९५४ चा विशेष विवाह कायदा. वैयक्तिक (म्हणजे त्या-त्या धर्माच्या) कायद्यांना हात लावायचा नाही असं सुनावणीच्या सुरुवातीलाच ठरलं. म्हणजे याचिकाकर्ते जिंकले असते तरी लग्न लागलं असतं रजिस्ट्रारच्या कचेरीत, नोटीस लावून, तीस दिवस थांबून. चर्चच्या वेदीचा प्रश्न त्या खटल्यात आलाच नव्हता.

पेठेतला_पैलवान · रात्री १०:३१

म्हंजे फादर सेफ हाय. मग एवढा दंगा कशाला?

राजारामियन · रात्री ११:१५

पैलवान, दंगा कशाला ते कोल्हापूरकरानं तरी विचारू नये. लग्न-मुंज-स्नान कुठल्या मंत्रांनी करायचं यावरून या गावात केवढं रण माजलं होतं? १८९९ ला पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त सोडून पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, आणि वेदोक्त प्रकरण सुरू झालं. राजोपाध्यांनी वेदोक्त करायला नकार दिला, महाराजांनी त्यांची इनामं काढून घेतली. पुढं १९११ मध्ये इथं सत्यशोधक समाज उभा राहिला, भटजीशिवाय लग्नं लागायला लागली. १९२० ला क्षात्रजगद्गुरूंचं पीठच स्थापन झालं. पुरोहित नाही म्हणाला म्हणून कुणाचं लग्न राहिलं नाही, पुरोहिताचंच गिऱ्हाईक गेलं.

माझा मुद्दा असा की महाराजांनी धर्मगुरूवर सक्ती केली आणि आज आपण त्याला पुरोगामी पाऊल म्हणतो. मग इथंच पाळकाच्या श्रद्धेचा एवढा मान का राखायचा?

काळा_कोट · रात्री ११:४०

राजोपाध्ये दरबाराची इनामं खात होते. दरबारचा पुरोहित दरबारच्या यजमानाला नाही म्हणाला, म्हणून दरबारनं दिलेलं दरबारनं काढून घेतलं. डेन्मार्कचं तेच आहे. तिथं चर्च-कर सरकार गोळा करतं, म्हणून सरकारला बोलायला जागा आहे. न्यू शाहूपुरीतल्या पाळकाचा पगार मंडळीच्या वर्गणीतून आणि दशांशातून होतो. महाराजांचा दाखला इथं चालवायचा असेल तर आधी सरकारनं पाळकांना इनाम द्यावं.

शाहूपुरीकर · रविवार, दुपारी १:०५

@काळा_कोट, हे पगाराचं सूत्र आवडलं. म्हणजे कायदा पाळकाला धरून ओढत नाही. पाळकाला पेचात टाकते ती त्याची मंडळी, नाहीतर त्याचं वरचं मंडळ. पीसीयूएसएनंही पाळकावर सक्ती ठेवलेली नाही, ठरवायचं पाळकानं आणि इमारत द्यायची की नाही ते चर्च चालवणाऱ्या स्थानिक वडीलजनांनी. माझ्या मते सगळा भार तिथंच येतो, आणि आमची तयारी तिथंच शून्य आहे.

काळा_कोट · दुपारी १:३०

जवळपास, पण पूर्ण नाही. दक्षिण आफ्रिकेचं बघा. तिथं २००६ ला कायदा झाला. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चनं २०१५ ला ठरवलं की समलिंगी लग्नाचा निर्णय स्थानिक मंडळी आणि पाळकांवर सोडायचा. वर्षभरात इतका गदारोळ झाला की २०१६ ला खास सिनड (चर्चची वरिष्ठ सभा) बोलावून तो ठराव मागं घेतला. मग चर्चचेच काही सभासद आणि पाळक कोर्टात गेले, आणि २०१९ ला प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयानं २०१६ चा ठराव रद्द केला. सरकारनं बोट लावलं नाही, घरातलेच लोक कोर्टाची पायरी चढले. चर्चच्या भानगडी कोर्टात नेण्यात आपले लोक कुणाला हार जाणारे नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वडीलजन · दुपारी ३:२०

शाहूपुरीकर, आपण लिहिलेले वाचले. मी आपल्याच भागातील आहे, अनेक वर्षे पंचकमिटीवर आहे. माझे मत स्पष्ट सांगतो. लग्न ही आपण ठरवलेली व्यवस्था नव्हे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात ती देवाने घातली आणि मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभूने स्वतः तिचा दाखला दिला. तिथे नर आणि नारी आहेत. संसदेने काय ठरवावे हा संसदेचा प्रश्न. मंडळीने काय मानावे हा संसदेचा प्रश्न नाही.

अमेरिकेच्या मातृमंडळीने व्याख्या बदलली, हे मला ठाऊक आहे. भाषणात कोणी सांगत नाही कारण सांगणाऱ्याला वाईट वाटते. पण मिशनऱ्यांनी आम्हांला शास्त्र दिले, त्यांच्या नातवंडांच्या प्रत्येक ठरावाखाली अंगठा उठवण्याचा करार केला नव्हता. मेक्सिकोची प्रेस्बिटेरियन मंडळी अमेरिकनांनीच उभी केलेली. २०११ मध्ये अमेरिकेने समलिंगी पाळकांच्या दीक्षेचा मार्ग मोकळा केला तेव्हा मेक्सिकोने १३९ वर्षांचे नाते तोडले. पैशाची मदत जाईल हे माहीत असून तोडले. मुलीने आईचे सगळे ऐकावे असे नाही, विशेषतः आईच बदलली असेल तर.

आणि आपली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अँग्लिकन कम्युनियनमध्ये (इंग्लंडच्या चर्चशी नाते असलेल्या जगभरच्या चर्चांच्या संघात) आहे. १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेने, म्हणजे त्या संघाच्या बिशपांच्या सभेने, लग्न स्त्री-पुरुषाचेच, असा ठराव केला. तो करण्यात आफ्रिका-आशियाच्या बिशपांचा जोर होता. २०२३ मध्ये इंग्लंडच्या सिनडने आशीर्वादाच्या प्रार्थनांना होकार दिला तेव्हा ग्लोबल साउथच्या, म्हणजे आफ्रिका-आशियासारख्या भागांतील, प्रमुख बिशपांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांना समानांमध्ये अग्रणी मानायला नकार दिला. तेव्हा कोल्हापूरचा वडील जुन्या मताचा आहे म्हणजे तो एकटा आहे असे कोणी समजू नये.

मिरजेची_मुलगी · दुपारी ४:४५ (टेक्सासहून, इथं पहाट आहे)

काकांना सलाम. तुमचं मत मला मान्य नाही, पण तुम्ही रोखठोक लिहिलंत ते आवडलं.

मी इथं युनायटेड मेथडिस्ट मंडळीत जाते. आमच्याकडं २०१९ ला खास अधिवेशनात समलिंगी लग्न आणि दीक्षा यांवरची बंदी आणखी कडक केली. त्याचबरोबर ज्यांना बाहेर पडायचंय त्यांनी इमारतीसकट बाहेर पडावं अशी सोय केली, मुदत २०२३ अखेर. अट अशी की मंडळीतल्या दोन तृतीयांश मतांनी ठरलं पाहिजे, आणि ठरलेले पैसे भरायचे. अमेरिकेतल्या साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ७,६०० च्या आसपास मंडळ्या गेल्या. टेक्सासात तर रांगच लागली होती. आणि २०२४ च्या मे महिन्यात, जायचे ते गेल्यावर, राहिलेल्यांनी बंदीच उठवली.

आमच्या मंडळीतलं मतदान मी पाहिलंय. हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, प्रत्येकाला गुलाबी कागदाची चिठ्ठी, दारात सभासदांची यादी घेऊन बसलेल्या दोन बाया. एक आजी विचारत होती, "मी राहायला मत दिलं आणि माझ्या मुलानं जायला दिलं, तर माझ्या नवऱ्याच्या नावाची खिडकी कुणाची?" काचेची खिडकी होती, त्याच्या आठवणीत दिलेली. कुणाकडं उत्तर नव्हतं. दोन तृतीयांश भरले नाहीत, इमारत राहिली, पण गायनमंडळातले निम्मे लोक नाताळाच्या आत गेले.

आणि ज्या दोघांच्या लग्नावरून विषय पेटला होता, ते मतदानाच्या कितीतरी आधी दुसऱ्या चर्चला जायला लागले होते. त्यांना कुणी मत विचारलं नाही.

बेळगावी_कुंदा · सायंकाळी ५:१०

आम्ही मेथडिस्ट. पण आमची मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे, अमेरिकेतल्या ठरावाचा आमच्यावर अंमल नाही. गावात मात्र लोक विचारतात, "तुमच्या चर्चनं परवानगी दिली म्हणे?" नाव सारखं असलं की असं होतं. आमचे पाळक उत्तर देऊन देऊन थकलेत.

वसईकर_कोल्हापुरात · सायंकाळी ६:००

कॅथलिकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी.

आमच्याकडं ठराव-मतदान नसतं, रोमहून कागद येतो. २०२१ च्या मार्चमध्ये आला की समलिंगी संबंधांना आशीर्वाद देता येत नाही, देव पापाला आशीर्वाद देत नाही. १८ डिसेंबर २०२३ ला 'फिदुचिया सुप्लिकान्स' आला, त्यात म्हटलं की जोडप्याला आशीर्वाद देता येईल, पण लग्नासारखा दिसता कामा नये. लग्नाचे कपडे नकोत, ठरीव विधी नको, कोर्टातल्या लग्नाला जोडून तर नकोच. आफ्रिकेच्या बिशपांनी जानेवारीतच कळवलं की आमच्याकडं हे होणार नाही, आणि रोमनं ते चालवून घेतलं. त्याआधीच रोमनं खुलासा केला होता की हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा. आमच्याकडं नव्या स्कूटरवर पवित्र पाणी शिंपडायला फादर याहून जास्त वेळ घेतात.

पण थट्टा बाजूला. पोप फ्रान्सिस यांनी लग्नाची शिकवण तसूभरही बदलली नाही, आणि तरीही फादर लोकांच्या बोलण्याचा सूर बदलला. आयर्लंडमध्ये २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी होय म्हटलं, तेव्हा डब्लिनच्या आर्चबिशप मार्टिन यांनी चर्चनं वास्तवाकडं डोळे उघडून बघावं असं सांगितलं. त्याच निकालाला व्हॅटिकनच्या कार्डिनल पारोलिन यांनी मानवतेचा पराभव म्हटलं. एकच चर्च, एकच आठवडा.

आपल्याकडचं सांगायचं तर मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस यांनी २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं तेव्हा, समलिंगी माणसांना चर्चनं कधीच गुन्हेगार मानलेलं नाही, असं उघड सांगितलं होतं. लग्नाला विरोध कायम. केरळच्या सीरो-मलबार चर्चनंही २०२३ मध्ये केंद्राला आपला विरोध कळवला.

काळा_कोट · सायंकाळी ६:२०

३७७ च्या वेळी चर्चेस दोन्हीकडं होती. अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल हे सर्वोच्च न्यायालयात कलम टिकवायला उभे होते. तर नागपूरला मुख्यालय असलेली एनसीसीआय (नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया) समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवू नये, या बाजूची. ६ सप्टेंबर २०१८ ला तो प्रश्न मिटला.

पेठेतला_पैलवान · सायंकाळी ६:४५

आमच्याकडं तर ओढ्यावरच्या रेणुकेला जोगते हायतच की. आंबील यात्रेत लुगडं नेसून, डोक्यावर देवीचा जग घेऊन येत्यात, लोक पाया पडत्यात. पर त्याच जोगत्याला भाड्यानं खोली द्यायला कोण तयार न्हाई. देवळात मान आणि गल्लीत न्हाई, असला कारभार. चर्चमधी उलटं हाय काय?

शाहूपुरीकर · सायंकाळी ७:१५

पैलवान, चर्चमध्ये ना मान, ना नकार. विषयच नसतो. म्हणूनच धागा काढला.

नाव_नको · रात्री १०:५०

नवीन खातं काढून लिहितोय.

मी कोल्हापुरातल्या एका मंडळीत कीबोर्ड वाजवतो. कुठल्या ते सांगत नाही. वर तुम्ही सगळे लग्न, लग्न करताय. मला उद्या कायदा झाला तरी चर्चमध्ये लग्न करायचं नाहीये, मला तेवढी हौसही नाही. माझा प्रश्न फार खालचा आहे. मी पाळकांना जाऊन माझ्याबद्दल सांगितलं, तर ते किती जणांना सांगतील?

आपलं गाव तुम्हाला माहीत आहे. पाळकांच्या मिसेस महिला मंडळात आहेत. महिला मंडळाच्या सेक्रेटरी माझ्या आत्याच्या जाऊबाई आहेत. "अमक्याच्या मुलासाठी प्रार्थना करा" एवढं म्हटलं तरी पुरतं. प्रार्थनेच्या विनंतीतून जेवढी बातमी फिरते तेवढी पेपरातून फिरत नाही.

माझ्या ओळखीतल्या एकाला घरच्यांनी दुसऱ्या गावच्या 'सुटकेच्या' प्रार्थनेला नेलं होतं. उपास घातला, डोक्यावर हात ठेवून रात्रभर ओरडले. तो आता पुण्यात आहे, चर्चला जात नाही. २०२२ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांसाठी असले 'बदलवण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पाळकांसाठी असं काही आहे का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

काळा_कोट · रात्री ११:१०

पाळकांसाठी तसा नियम नाही. मारहाण, डांबून ठेवणं, उपाशी ठेवणं झालं तर फौजदारी कायदा लागतो, पाळक असो वा कुणी. गुपिताचं विचाराल तर वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आपल्या पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे. पाळकाजवळ सांगितलेल्या गोष्टीला तसं कलम नाही.

वसईकर_कोल्हापुरात · रात्री ११:२५

कॅथलिकांत पापनिवेदनाची (कन्फेशनची) मोहर असते. तिथं ऐकलेलं फादरनं थेट फोडलं तर ते आपोआप चर्चबाह्य ठरतात. पण ते फक्त पापनिवेदनात, एरवी ऑफिसात चहा पिताना बोललात त्याला नाही. आणि मुळात त्यासाठी आधी ते पाप म्हणून सांगावं लागतं, तुम्हाला ते चालेल का मला माहीत नाही.

नाव_नको · रात्री ११:३२

नाही चालणार. पण मोहर चालेल.

मिरजेची_मुलगी · रात्री ११:५०

@नाव_नको, ज्याला सांगायचं त्याला आधी विचार, "हे घरातसुद्धा सांगणार नाही ना?" उत्तर द्यायला तो थांबला तर हवापाण्याचं बोलून उठून ये. आणि पुण्याच्या त्या मित्राशी संपर्क ठेव.

वडीलजन · सोमवार, सकाळी ७:१०

रात्री वाचले. लगेच उत्तर दिले नाही.

एक जुनी गोष्ट लिहितो. मिशनच्या एका दवाखान्यात दोन सिस्टर होत्या, एकाच क्वार्टरमध्ये राहत. निवृत्त झाल्यावरही दोघींनी मिळून दोन खोल्यांचे घर घेतले. चर्चला एकत्र येत, तिसऱ्या बाकावर डावीकडे. थोरल्या सिस्टरच्या हातात दोघींची वर्गणी एकाच पाकिटात असे आणि वहीत नावे मात्र दोन लावायची, हे खजिनदार म्हणून मी स्वतः केले आहे. कोणी काही विचारले नाही आणि त्यांनी काही सांगितले नाही. थोरली वारली तेव्हा गावाकडून भाऊ-पुतणे आले. घराचे कागद थोरलीच्या नावावर होते. दफनविधीला पुतणे पहिल्या बाकावर बसले आणि धाकटी मागे उभी राहिली. तेव्हाचे पाळक विधी थांबवून खाली उतरले, तिला हाताला धरून पहिल्या बाकावर बसवले आणि पुढे वाचू लागले. कारण सांगितले नाही. पुतण्यांनी घर मात्र तीन महिन्यांत विकले.

त्या दोघी तशा होत्या असे मी म्हणत नाही. मला माहीत नाही. लग्नाबद्दल माझे मत काल लिहिले तेच आज आहे. पण नाव_नको यांनी जे विचारले त्याला शास्त्राचा अडथळा कोठेही नाही. पाळकाने ऐकलेले पोटात ठेवले पाहिजे. प्रार्थना-विनंत्यांबद्दल त्यांनी लिहिले ते खरे आहे, आणि ते केवळ या विषयापुरते खरे नाही. मुली पाहण्याचे कार्यक्रम, दारू, कर्ज, सगळे तसेच फिरते.

राजारामियन · सकाळी ९:००

काका, घर पुतण्यांनी विकलं. लग्नाला मान्यता नसली की नेमकं हेच होतं. दफनविधीतला बाक पाळकांना देता आला, घर देता आलं नाही.

वडीलजन · सकाळी ९:४०

त्यासाठी मृत्युपत्र असते. नोंदवलेले मृत्युपत्र केले असते तर पुतण्यांचे काही चालले नसते.

काळा_कोट · सकाळी १०:०५

मृत्युपत्रानं घर मिळतं. अतिदक्षता विभागात सही कोण करणार, पेन्शन कुणाला, देह ताब्यात कुणी घ्यायचा, हे मृत्युपत्रानं सुटत नाही. २०२३ च्या निकालात लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्ती एकमत होते, पण अशा अडचणी बघायला केंद्राची समिती नेमावी हेही त्यात आहे. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्रानं रेशनकार्ड आणि संयुक्त बँक खात्याबद्दल पत्रकं काढली. गाडी सध्या तिथवर आली आहे.

शाहूपुरीकर · दुपारी २:३०

मी लग्नाचा प्रश्न घेऊन आलो होतो, पण आता कमिटीपुढं न्यायचा विषय दुसराच दिसतोय. लग्नाचा ठराव आमच्याकडं आज मांडला तर अर्ध्या तासात फुटेल आणि त्यातून कुणालाच काही मिळणार नाही. टेक्सासचं वाचून तर खात्रीच झाली. त्याऐवजी एवढंच मांडतो:

पाळकांना किंवा वडीलजनांना खाजगीत सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय प्रार्थना-विनंतीत, घरी किंवा कमिटीत सांगायची नाही. लैंगिकतेच्या कारणावरून कुणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध सुटकेच्या प्रार्थनेला न्यायचं नाही, आणि मंडळीच्या जागेत तसलं काही होऊ द्यायचं नाही. समलिंगी असल्याच्या कारणावरून कुणाचं गायन, वादन, संडे स्कूल किंवा दफनविधी अडवायचा नाही.

@काळा_कोट, जरा कायद्याच्या भाषेत बसवून द्याल का?

पेठेतला_पैलवान · दुपारी २:४१

तिसरं वाक्य आमच्या तालमीला बी लावा की. (तालमीत कीबोर्ड न्हाई, पर दफनविधीच्या जागी अंत्ययात्रा टाका.)

काळा_कोट · दुपारी ३:१५

देतो. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यातून लैंगिकता आणि समलिंगी हे शब्द काढा, "कोणत्याही सभासदास कोणत्याही खाजगी कारणावरून" असं घाला. संरक्षण तेवढंच राहतं, आणि कमिटी पहिल्याच वाचनात अडून बसणार नाही.

नाव_नको · दुपारी ३:२२

शब्द काढलात तर पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणेल की हा ठराव दारू आणि कर्जाबद्दल होता.

वडीलजन · दुपारी ४:००

शब्द ठेवला तर मी अडवणार. काढला तरी प्रश्न विचारणार, कारण खाजगी कारण म्हणजे नेमके काय हे कमिटीला समजले पाहिजे. तिसऱ्या वाक्यातील संडे स्कूलबद्दल माझा विरोध नोंदवून ठेवावा. पहिल्या वाक्याला मी अनुमोदन देईन. मसुदा गुरुवारच्या आत सेक्रेटरींकडे द्या, नाहीतर तो या महिन्याच्या विषयपत्रिकेत येणार नाही.